आवकेत न चढवलेलं पत्र

नाही, नाही गुरुजी, ती तुमची नाही. ती पांढुर्ण्याची. बोरगावची लागायला अजून अर्धा तास आहे, मी खिडकीवर विचारून आलो — बसा. द्या ती पिशवी इकडं. बाकडं डुगडुगते, पण तुटत नाही, सरकारी आहे. मीही तहसिलीत बत्तीस वर्षं असाच होतो. मी इथं कसा? पत्रावळ्या न्यायला आलो, बापा. हा काय गठ्ठा, पायाशीच आहे. मेव्हण्यानं, दादाजीनं, दोनशे आणून ठेवल्या होत्या, सासूबाईंच्या तेरवीला माणूस वाढलं, तं मी म्हटलं मी जातो सौसरला. सगळे पाहायलाच लागले — जावई कधी पत्रावळ्या आणते का? आणते. आजच्या दिवस आणते. काहून का काल दादाजी बोलता बोलता म्हणे, गुणवंतराव गुरुजी ट्रेनिंग सोडून छिंदवाड्याहून दहाच्या गाडीनं येऊन राहिले, मायवर त्यांचा लय जीव होता. म्हटलं आपण आधी भेटावं. तिथं घरी गर्दीत काय बोलणं होते.

चहा घ्या. घ्या हो, सुतक फिटलं आता, चालते. आणि हा कोट असा काय पाहून राहिले? गरम होते, खरं आहे, या उन्हात सौसरच्या बसस्टँडवर कोट घालणारा एक तं नवरदेव नाहीतर येडा. मी नवरदेव नाही. प्रभाकरनं घेऊन दिला — माझा मुलगा, तिकडं क्लीव्हलँडला असते तो. अमेरिका कशी होती, हेच विचारणार होते ना? सगळे विचारतात. भेटायला येतात, दोन मिनिटं मान खाली घालून बसतात, बायकोचं, वच्छलेचं, सांत्वन करतात, अन् तिसऱ्या मिनिटाला मला विचारतात, तिथं संत्रं भेटते का. भेटते. मोठं असते, सोलायला सोपं, अन् चवीला जुन्या फायलीसारखं. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात नं — व्हिसावाल्यानंही मला सहाच महिने दिले, म्हणजे खातं ओळखलं त्यानं. मुलगा सकाळी जाये, सून नलिनी तीही नोकरीवर जाये. मी अन् वच्छला खिडकीत बसून रस्त्यानं एकही माणूस पायी जात नाही, हे दिवसभर पाहत राहू. पहिला महिना मजेचा, मधले चार शिक्षेचे, आणि शेवटच्या महिन्यात मला ते आवडायला लागलं, गुरुजी. तिथंच सगळा घोटाळा झाला.

ते पत्राचं म्हणता? हो, तेच मला तुमच्याजवळ काढायचं होतं. नाही मिळालं. सासूबाईंनी सांगितलं अन् तुम्ही लिहून टाकलं असेल, पोळ्याच्या आधी असेल, पण टपालाचा काय भरोसा आहे — पांढुर्ण्याचं कार्ड नागपूरला जायला चार दिवस घेते, तं एवढा समुद्र ओलांडून एक निळा कागद जायचा म्हणजे — काय? निळा. नाही, परदेशी पत्र निळंच असते नं, ते एरोग्राम, सगळे तेच टाकतात. अन् पोळ्याच्या आधी हे... तुम्हीच म्हटलं असेल आत्ता. नाही म्हटलं? बरं. मास्तरापुढं खोटं बोलणं म्हणजे पट्टीपुढं आपणहून हात धरणं आहे. मिळालं होतं. बाराव्या दिवशी मिळालं. तुमच्याच अक्षरात, जांभळ्या शाईनं, सौ. वच्छलाबाई यांस. माझं नावही नव्हतं त्याच्यावर.

ऐका, उठू नका. गाडीला टाइम आहे. प्रभाकर वरच्या माळ्यावर भाड्यानं राहते, खाली घरमालक, एक म्हातारा, बायको मेलेली. टपाल त्याच्याकडं येते, तो वाटून देते. त्यानं जिन्यात माझ्या हातात पत्र ठेवलं, अन् मी पाहतो तं त्याचा वरचा कोपरा नाही. आता तुम्हाला मी काय सांगू, आपल्याकडं कोपरा नसलेलं पत्र म्हणजे काय असते. माझ्या लहानपणी पोस्टमननं तसं कार्ड दुरून दाखवलं की माय चुलीपासून उठे, हात धुये, मग विचारे — कोण? उंबऱ्याबाहेरच वाचायचं, फाडायचं, अन् डोक्यावरून पाणी घ्यायचं. पाठवणाऱ्याचा पत्ता बोरगाव, कोपरा नाही, म्हणजे सासूबाई गेल्या. मी पाचव्या पायरीवर उभा. वरून फोडणीचा वास येऊन राहिला, वच्छला भांडं खरवडून राहिली. अन् माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? तुम्हाला वाटेल म्हातारीचा चेहरा आला. माझ्या मनात आलं — शनिवार.

शनिवारी तिथल्या मराठी मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम होता आणि त्याच्यात माझं भाषण होतं. हसा, तुम्ही हसलं तं मला बरं वाटन. ‘आपल्या म्हणींतील शहाणपण’ — चाळीस मिनिटं. कागदावर माझं नाव छापून आलं होतं, पुढं ‘व्यासंगी’ लिहिलेलं. गुरुजी, बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नावाचे कागद लिहिले. वाचनालयातली सगळी पुस्तकं दोनदा वाचली, अन् गावात मला कोणी चार शब्द बोला म्हटलं नाही, फक्त अर्ज लिहून द्या म्हटलं. तं शनिवार. आणि सुतकातला माणूस गणपतीपुढं उभा राहत नाही. वच्छलेला वर जाऊन सांगितलं असतं तं ती त्या मिनिटाला पदर तोंडात घालून बसली असती, अन् प्रभाकरनं तिकिटाची तारीख बदलून आणली असती. मंगळवारपर्यंत आम्ही घरी.

तुम्ही ऑफिसात नव्हते कधी, म्हणून तुम्हाला ठाऊक नसन. आमच्याकडं आवक-जावकचं रजिस्टर असते. कागद टेबलावर येऊन पडला म्हणजे आला असं नाही. आवक नंबर पडला, तारीख पडली, तवा तो आला. शनिवारी दुपारी एखादा नकोसा हुकूम आला की मी तो टीपकागदाखाली सरकवून ठेवो. सोमवारी नंबर टाको. दोन दिवस तो हुकूम जगात नाही. साहेबही खूश, ज्याची बदली व्हायची तोही खूश. आयुष्यभर हेच केलं अन् कोणाचं वाकडं झालं नाही, उलट दिवाळीला मिठाई येये. तं मी ते पत्र न फोडता कोटाच्या आतल्या खिशात सरकवलं. ह्या, ह्याच खिशात. म्हटलं गेलेलं माणूस तं गेलं, बारा दिवस झाले असतील, आता पोहोचूनही काय भेटणार आहे? पोरीला चार दिवस सुखाचे जाऊ दे. बघा, कसा मोठ्या मनाचा विचार आला मला. माणसाला आपला स्वार्थ दुसऱ्याच्या गळ्यात हारासारखा घालता येते.

भाषण झालं. चांगलं झालं, खोटं काहून बोलू. एकानं मागून विचारलं, तुमच्या पांढुर्ण्याचे लोक पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एकमेकांना गोटे मारतात म्हणे? म्हटलं, वर्षातून एकच दिवस. बाकीचे दिवस आम्ही नुसतं बोलतो. सगळा हॉल हसला. वच्छला पहिल्या रांगेत, हिरवं लुगडं नेसून, हसता हसता डोळे पुसून राहिली. मला आरतीचं ताट धरायला दिलं — अन् मी धरलं, गुरुजी. सुतक कळल्यापासून लागते म्हणतात. मला कळलं होतं का? पत्र तं फोडलंच नव्हतं. हा माझा शास्त्रार्थ.

मग शेवटचा आठवडा. सगळी खरेदी. एका दुकानात वच्छला उभी, हातात लोकरीच्या सपाता, आतून मऊ, ससा हातात धरल्यासारख्या. म्हणे, अहो, मायचे पाय रात्री गार पडतात, ह्या घेऊ का? कोणता नंबर घेऊ? मी म्हटलं कोणताही घे. आता हे वाक्य — मेलेल्या माणसाला काय कोणताही नंबर, असं नव्हतं म्हणायचं मला, तोंडातून निघून गेलं. ती म्हणे, कोणताही कसा, मायचा पाय माह्यापेक्षा लहान हाय, अन् तिथल्या तिथं चप्पल काढून आपला पाय मोजायला लागली. मी पिशवी उचलून तिच्यामागं चालत राहिलो. नायगराला गेलो तं तिथं ती हात जोडून उभी. एवढं पाणी फुकट जाऊन राहिलं म्हणे. अन् खाली वाकून छोटी बाटली भरली — मायले नेते, तिनं काशी नाही पाहिली, निदान हे तोंडी लावन. प्रभाकरनं फोटो काढला त्या वेळचा. आला की दाखवतो तुम्हाला, मी बाजूला उभा आहे, हाच कोट घालून, खिशाजवळ हात. फोटोत कोणालाही वाटन, नेपोलियन.

तेव्हा मला वाटून राहिलं होतं की मी एका मेलेल्या बाईसाठी सपाता घेऊन राहिलो. तेवढंच ओझं होतं. ते मी उचललं असतं. घरी गेल्यावर कळलंच असतं, मीही नवल केलं असतं सगळ्यांसोबत, एवढं नाटक मला जमते.

पांढुर्ण्याच्या स्टेशनवर उतरलो, तं दादाजी समोर उभा. टोपी नाही. लग्नात, शेतात, अंघोळीहून येताना, मी पस्तीस वर्षांत त्या माणसाचं डोकं उघडं पाहिलं नाही, वच्छलेनंही नसन पाहिलं. ती बॅग ठेवून तिथंच बसली. दादाजी तिच्यापाशी उकिडवा बसला आणि म्हणे — परवा, बाई. परवा गेली माय. तुमचं निघणं झालं होतं, म्हणून तार नाही केली. लय वाट पाह्यली तुही. परवा — मी हमालाशी बोलत होतो. मला ऐकू आलं, पण ते आत पोहोचायला वेळ लागला. परवा कसं? माझ्या खिशात तं म्हातारी महिनाभर आधीची मेलेली होती.

हो, फोडलं. त्याच दिवशी. तिसऱ्या दिवसाची राख सावडायला सगळे गेले होते, मी मागं गोठ्यात जाऊन फोडलं. तुम्ही लिहिलेलं तुम्हाला काय सांगू. पाय सुजले, डॉक्टर म्हणते महिना काढन. दादाजीले न सांगता लिहून राहिली, तो म्हणन पोरीले काहून घाबरवतं. घाई करू नको, पण जमलं तं ये, मी थांबते तुह्यासाठी. अन् थांबली ती. पत्र माझ्या हातात पडल्यावर अकरा दिवस थांबली. मंगळवारी आलो असतो, तं सहा दिवस भेटले असते मायलेकींना. सहा. मी अशी भाषा बोलणारा माणूस नाही, पण सहा दिवस म्हणजे लय असतात, गुरुजी. सहा दिवसांत तं सासूबाईंनी वच्छलेला सगळं माहेर परत सांगितलं असतं.

कोपरा? तो तुम्ही नाही फाडला, ठाऊक आहे मला. गोठ्यात उजेडाला धरून पाहिलं तवा समजलं. दुःखाचा कोपरा हातानं फाडतात, वाकडातिकडा. हा कैचीनं कापलेला होता, सरळ, चौकोनी — तिकीट होतं तेवढाच. तो खालचा म्हातारा तिकिटं जमवते. अन् त्याला परवानगी कोणी दिली? मीच. जुलै महिन्यात, माझ्या तहसिली इंग्रजीत — टेक, टेक, ऑल स्टॅम्प यू टेक. बिचारा एवढे दिवस आम्ही वाचून झालेली पाकिटं घेऊन जाये. त्या दिवशी त्याला धीर निघाला नसन. आता तुम्ही सांगा, बत्तीस वर्षं टपालावर बसलेल्या माणसाला पत्रावरचं तिकीट नाही, हे दिसत नाही? दिसते. मला दिसलं नाही असं नाही, मला पाहायचं नव्हतं. कोपरा पाहिला अन् म्हातारी मारून टाकली. कारण मेलेली असली तं शनिवार माझा होता, जिवंत असली तं नव्हता.

ती बाटली? कन्हानमध्ये सोडली वच्छलेनं, अस्थींसोबत. दादाजी विचारे, हे कायचं पाणी? ती म्हणे, गंगेचंच समजा. सपाता आहेत तशाच डब्यात.

आता कामाचं बोलतो. वच्छलेला पत्राचं काही माहीत नाही. तुम्ही आज घरी जाणार, तिच्यासमोर बसणार, अन् तुमचा स्वभाव सरळ. तुम्ही म्हणणार, ताई, मी तं वेळेवर टाकलं होतं, भेटलं नाही का? एवढंच नका म्हणू. तुम्ही म्हणा — टाकायचं राहून गेलं. ट्रेनिंगचा हुकूम आला, धावपळ झाली, वहीत राहून गेलं. काय होईल? ती तुम्हाला दोन दिवस बोलन, तिसऱ्या दिवशी माफ करन. गुरुजी लोकांना सगळे माफ करतात. मला — पस्तीस वर्षांचा संसार आहे, मला या वयात ते झेपणार नाही. हे मी मोठ्या मनानं नाही म्हणून राहिलो, तुम्हाला कळलंच असन आतापर्यंत. आणि बाई आत्ताशी कुठं सावरून राहिली. सहा दिवस भिंतीकडं तोंड करून होती. परवा-तेरवा, हो, चार दिवसांखाली उठली, सगळ्या कपड्यांना ऊन दिलं, हा कोटही दोरीवर टाकला — माझा जीव टांगणीला, पण संध्याकाळी खिशात पत्र जागच्या जागी. तेव्हापासून नीट बोलते माझ्याशी. सुपारी कातरून देते. तुमचा डोळा लागला का रात्री, म्हणून विचारते. म्हटलं, दुःख ओसरून राहिलं.

पाहा, हे पत्र. तुमचं आहे, तुम्हीच घेऊन जा आणि कुठं तरी जाळून टाका, मला तेवढं होत नाही. पाहा, कोपरा एक कापला, पण घडी उघडली की मजकूर तीन जागी उडालेला. दोन जागचं मी जुळवलं, अंदाजानं लागते. शेवटच्या ओळीतलं नाही लागत — ‘वच्छले, तू आली तं तुले’ — अन् भोक. तुले काय? तुले पाहून जाईन, तुले सांगीन, तुले देईन, मी रोज एक शब्द बसवून पाहतो. तुम्हाला आठवते? तुम्हीच लिहिलं, तुम्हाला आठवतच — काय काढून राहिले पिशवीतून?

अंतर्देशीय. तुम्हाला आलेलं? छिंदवाड्याला? थांबा, चष्मा लावतो. हे तं वच्छलेचं अक्षर आहे. चौथीपर्यंतच शिकली, र काढताना अजून अडते. ‘गुरुजीस नमस्कार. तुमचं पत्र यांच्या कोटात सापडलं. वाचलं. त्याचा कोपरा गेला हाय, मायचं शेवटचं बोलणं त्याच्यात गेलं. तेरवीले येऊन तेवढं मले सांगा. यांच्यासमोर काढू नका. तिकडून आल्यापासून यांची तब्येत बरी नाही, रात्रभर जागे असतात. त्यांना कळलं का मले हे ठाऊक हाय, तं ते खचून जातीन.’

चार दिवस झाले.

ही घडी पाहा. या एरोग्रामची घडी मला कधी जमली नाही, गोठ्यात मी ते कसंतरी चुरगाळून खिशात कोंबलं होतं. अन् आता पाहा. रेघेवर रेघ. मी चार दिवसांपासून रोज खिशावर हात लावून पाहतो, आहे ना, आहे — अन् घडी नाही पाहिली. सुपारी खात राहिलो.

नाही, बोलू नका. तुमच्या तोंडावर दिसते, तुम्हाला ते वाक्य आठवते. अख्खं आठवते. तुम्ही आत्ता मला सांगू शकता. दहा दिवस मी ह्याच्यासाठीच — नको. नका सांगू, गुरुजी. ते तिच्या नावाचं टपाल आहे.

ही लागली तुमची बोरगावची. उठा, जागा धरा खिडकीपाशी. पिशवी विसरू नका, अन् हे पत्र, हेही न्या, जाळू नका, तिच्या हातात द्या. मी? मी मागच्या गाडीनं येतो. पत्रावळ्यांचा गठ्ठा तेवढा घेऊन जा, पंगत खोळंबन. जा, कंडक्टर घंटी देऊन राहिला.